दर सहाव्या दिवशी डेटाबेस बंद पडतो, आणि मेमरी मात्र शिल्लक दिसते

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणंही हेच आहे का ते लगेच कळेल. लिनक्सचा सर्व्हर, आठ जीबी रॅम, स्वॅप (रॅम अपुरी पडली की पानं हलवायची डिस्कवरची जागा) नाही. मशीन रीस्टार्ट केलं की पाच-सहा दिवस काही तक्रार नसते. मग एका दुपारी डेटाबेस अचानक बंद पडतो. पुन्हा सुरू केला तर तास-दीड तास चालतो आणि परत पडतो. मशीन रीस्टार्ट केलं की पुढचे पाच-सहा दिवस पुन्हा शांतता. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत “आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस” अशी ओळ असते आणि तिच्यापुढे डेटाबेसचं नाव. आणि मेमरीचा हिशोब दाखवणारा फ्री आदेश चालवला तर बफ/कॅशच्या रकान्यात चांगले दोन-अडीच जीबी दिसतात, त्यामुळे वाटतं की जागा तर आहे, मग मारलं कशाला?

(आदेश आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाकायची.)

हे सगळं घडलं कोल्हापुरात, मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत पेढीवर. त्यांचा सर्व्हर मी सांभाळते. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की यार्डात गुळाची आवक वाढत जाते. सकाळी सौदे होतात, आणि दुपारपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडावी लागते: किती रवे, काय दर, हमाली किती, तोलाई किती, आधीची उचल किती कापली. गुऱ्हाळावरून टेंपो घेऊन आलेला माणूस पट्टी मिळाल्याशिवाय परत जात नाही. त्यामुळे डेटाबेस दुपारी एक वाजता पडला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. दिवाणजींचा फोन आला तेव्हा मागचा गलका मला ऐकू येत होता.

“ताई, परत बसलंय बघा. सौदे आत्ताच संपल्यात, पंधरा माणसं दारात उभी हायेत, आन् पडद्यावर नुसतं गोल फिरतंय.”

“दिवाणजी, काळा पडदा उघडून मी सांगते तेवढं टाइप करा आणि फोटो पाठवा.”

त्यांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. फ्रीच्या रकान्यात १७० एमबी, बफ/कॅशमध्ये २.४ जीबी. फोटोत उजवीकडचा शेवटचा रकाना कापला गेला होता. मी मनात हिशोब केला की कॅश म्हणजे कर्नल कधीही सोडून देऊ शकतो अशी मेमरी, म्हणजे अडीच जीबी मोकळीच आहे. डेटाबेसच काहीतरी जास्त मागत असणार. इथेच चुकले, आणि त्या चुकीपायी तीन आठवडे गेले. कापला गेलेला तो रकाना ‘अव्हेलेबल’चा होता, आणि खरं उत्तर त्यातच होतं.

आधी जे उपाय करून पाहिले ते सांगते, कारण शोधायला बसलात तर तुम्हालाही हेच सापडतील.

पहिला उपाय, डेटाबेसची मेमरी कमी करणं. पेढीवर मारियाडीबी हा डेटाबेस आहे, तिचा बफर पूल, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला तिनं राखलेली मेमरी, ३ जीबी होता, तो २ वर आणला. सहावा दिवस गेला, सातवा गेला, आठवाही गेला. मला वाटलं, संपलं. नवव्या दिवशी दुपारी परत तोच फोन. सहाच्या जागी नऊ दिवस झाले होते, एवढाच फरक. हा आकडा तेव्हाच माझ्या डोक्यात खटकायला हवा होता. आजार डेटाबेसमध्ये असता तर तो एक तर बरा झाला असता किंवा तसाच राहिला असता. मुदत फक्त लांबली, याचा अर्थ दुसरं काहीतरी रोज ठरावीक मापानं भरत होतं आणि मी त्याला एक जीबी जास्त जागा करून दिली होती.

दुसरा उपाय, रोज रात्री कॅश रिकामी करणं. सिस्टिमच्या ड्रॉप-कॅशेस फाइलीत ३ लिहिलं की कर्नल डिस्कवरच्या फाइलींची मेमरीतली प्रत टाकून देतो, शिवाय फाइलींच्या नावांची आणि माहितीची साठवलेली यादीही. हा उपाय फार लोक सांगतात. मी तो एकच रात्र चालवला. बफ/कॅशचा आकडा जेमतेम तीनशे एमबीनं उतरला आणि तिथेच अडला. दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला अहवाल निघायला मात्र नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, कारण सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागलं. हा आदेश क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणाऱ्या सोयीत) घालून कुणी ठेवला असेल तर काढून टाका, असंच मी सांगेन. कर्नल कॅश ठेवतो ती कामासाठीच, आणि गरज पडली की तो ती आपणहून सोडतो. पण यातूनही एक खूण मिळाली होती: ‘कॅश’ म्हणून दाखवलेल्यातले दोन जीबी असे होते की टाकून दे म्हटलं तरी कर्नल टाकत नव्हता.

तिसरा सल्ला रॅम १६ जीबी करण्याचा. तो आम्ही केला नाही. केला असता तर काय झालं असतं ते पुढे सांगते.

कर्नल मेमरी देतो कशी, हे थोडक्यात समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी नुसती आदेशांची यादी वाटेल. दिवाणजींना मी ते त्यांच्याच धंद्यातून सांगितलं. हंगामाआधी पेढी शेतकऱ्यांना उचल कबूल करते. कबूल केलेल्या सगळ्या रकमा मिळवल्या तर तिजोरीत तेवढी रोकड कधीच नसते. तरी चालतं, कारण सगळे एकाच दिवशी येत नाहीत आणि आलेला प्रत्येक जण पुरी रक्कम उचलत नाही. लिनक्सचा कर्नल नेमकं हेच करतो. प्रोग्रॅमनं एक जीबी मागितली की तो हो म्हणतो आणि वहीत नोंद करतो. प्रत्यक्ष रॅम एक पानही देत नाही. पान म्हणजे पेज, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर ४ केबीचं. प्रोग्रॅम त्या जागेत पहिल्यांदा काही लिहायला गेला की प्रोसेसर अडतो, त्याला पेज फॉल्ट म्हणतात, आणि त्या क्षणी कर्नल एक खरं पान काढून तिथे बसवतो. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. डेटाबेस पुन्हा सुरू केल्यावर तास-दीड तास का चालत होता, त्याचं कारण हेच. सुरू होताना त्यानं मेमरी फक्त कबूल करून घेतलेली असे. पट्ट्या निघू लागल्या तसा तो एकेक पान उचलत जाई आणि रोकड संपली की पुन्हा बळी जाई.

“म्हंजे तिजोरी रिकामी झाली की जो सगळ्यात मोठा देणेकरी, त्यालाच पैला धरायचा?” दिवाणजी म्हणाले. हो, बरोबर तसंच. मेमरी संपली आणि सोडवून घेण्यासारखं काही उरलं नाही, की कर्नल प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, गुण देतो: तिच्याकडे प्रत्यक्ष किती रॅम आहे, किती स्वॅप आहे आणि तिच्या पेज टेबलांना (कुठलं पान कुठे आहे त्याच्या नोंदींना) किती लागते, यांची बेरीज. सगळ्यात जास्त गुण ज्याचे, तो जातो. म्हणून पेढीवर प्रत्येक वेळी मारियाडीबीच गेली. तिचा दोष एवढाच की ती सगळ्यात मोठी होती. मारलेला आणि गुन्हेगार हे एकच असतील असं धरून चालू नका. माझे तीन आठवडे त्यातच गेले.

मारण्याआधी कर्नल खूप प्रयत्न करतो. मेमरीच्या प्रत्येक विभागात, म्हणजे झोनमध्ये, मोकळ्या पानांच्या तीन खुणा असतात: मिन, लो आणि हाय. मोकळी पानं लोच्या खाली गेली की केस्वॅपडी नावाचा कर्नलचा धागा (थ्रेड) जागा होतो आणि हायपर्यंत जागा करेस्तोवर पानं परत मिळवत राहतो. तेवढ्यानं भागलं नाही आणि पातळी मिनला आली, तर मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून तिच्याकडून हे काम करून घेतलं जातं. पाच-दहा मिनिटं सगळं जडशीळ होऊन मग डेटाबेस पडत असेल, तर तो जडपणा याचा.

पानं परत मिळवायची म्हणजे काय, यावर सगळं अवलंबून आहे. डिस्कवरच्या फाइलीची मेमरीतली प्रत असेल तर ती सरळ टाकून देता येते, मूळ डिस्कवर आहेच. बदललेली असेल तर आधी डिस्कवर लिहून मग टाकायची. पण प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा, ज्याची डिस्कवर प्रत नाही, तो टाकता येत नाही. तो हलवायचा तर स्वॅपमध्येच. आणि याच वर्गात टीएमपीएफएस येते. टीएमपीएफएस ही दिसायला फाइल सिस्टिम, पण तिच्यातल्या फाइली डिस्कवर नसतात, रॅममध्येच असतात. हिशोबात मात्र कर्नल त्यांना ‘कॅश्ड’मध्ये मोजतो. म्हणजे त्या दिसतात कॅशसारख्या आणि वागतात प्रोग्रॅमच्या डेटासारख्या. स्वॅप नसेल तर त्यांना कुठेही हलवता येत नाही. आमच्या मशीनवर एसएसडी झिजू नये म्हणून पूर्वी कुणीतरी स्वॅप काढून टाकलं होतं.

आता प्रत्यक्ष तपासणी.

तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मी दिवाणजींना सांगितलं, आज रीस्टार्ट करू नका, मी येते. पट्ट्या त्या दिवशी हातानं लिहिल्या गेल्या. मी पेढीवर पोचले तेव्हा तिघं जण पाटीखाली बसून कार्बन कागद लावून लिहीत होते, आणि मला फार वाईट वाटलं. पण मशीन बंद केलं असतं तर पुरावा गेला असता, कारण टीएमपीएफएसमधलं सगळं रीस्टार्टबरोबर पुसलं जातं.

कर्नलची नोंद जर्नलसीटीएल -के नं उघडली. मागच्या वेळची नोंदही मिळाली, -बी -१ लावून. जर्नल डिस्कवर राखलं जात असेल तरच हे मिळतं, तेव्हा तुमच्याकडे ते चालू आहे ना ते आधी बघून ठेवा. पहिली ओळ “इन्व्होक्ड ओओएम-किलर” (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग तो ओओएम-किलर), आणि तिच्यातच “ऑर्डर=०”. हा ऑर्डर बघायला विसरू नका.

ऑर्डर म्हणजे एकसलग किती पानं हवी होती त्याचा घातांक. ० म्हणजे एक पान, १ म्हणजे दोन, ४ म्हणजे सोळा. कर्नलचा पानं वाटणारा भाग बडी पद्धतीनं चालतो: ऑर्डर ० ते १०, म्हणजे ४ केबीपासून ४ एमबीपर्यंतचे तुकडे, प्रत्येक आकाराची वेगळी यादी. लहान तुकडा हवा आणि त्या यादीत नसेल, तर वरच्या यादीतला एक मोठा तुकडा बरोबर निम्मा केला जातो, अर्धा देऊन उरलेला अर्धा खालच्या यादीत जातो. तुकडा परत आला की त्याचा जोडीदार मोकळा आहे का ते बघतात, आणि असला तर दोन्ही जोडून पुन्हा मोठा तुकडा करतात. फार साधी आणि जुनी कल्पना आहे, केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली, आणि आजही प्रत्येक लिनक्स मशीनमध्ये ती दर क्षणाला चालते. मला ती मनापासून आवडते, कारण जोडीदार शोधायला काही शोधावं लागत नाही: पत्त्यातला एक बिट उलटा केला की जोडीदाराचा पत्ता मिळतो. प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती ज्या फोल्डरात दाखवतो, त्यातली) बडीइन्फो फाइल उघडलीत तर प्रत्येक झोनसाठी अकरा आकडे दिसतील, डावीकडे सुटी पानं, उजवीकडे ४ एमबीचे तुकडे. डावीकडे हजारो आणि उजवीकडे शून्यं असतील तर मेमरी आहे पण विखुरलेली आहे. तशा वेळी नोंदीत ऑर्डर ३-४ किंवा त्याहून मोठा दिसतो आणि बहुधा “पेज अलोकेशन फेल्युअर” अशी ओळ येते. तो वेगळा आजार, त्याचा उपाय या लेखात नाही. आमच्याकडे ऑर्डर ०, म्हणजे एक सुटं पानही मिळत नव्हतं. मेमरी खरोखरच संपली होती.

त्या नोंदीच्या खाली सगळ्या प्रोसेसचा तक्ता असतो. त्यातला आरएसएस, म्हणजे प्रोसेसकडे प्रत्यक्ष असलेली रॅम, हा रकाना केबीमध्ये नाही, पानांमध्ये आहे. त्याला चारनं गुणायचं. हे माहीत नसल्यामुळे “डेटाबेसकडे तर एक जीबीही नाही” असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. दिवाणजींच्या पट्टीबुकाच्या पाठीवर मी बेरीज मांडली. मागच्या पडझडीच्या वेळी मारियाडीबी ८,६५,००० पानं, जावा (पट्टीचा प्रोग्रॅम) ४,९८,०००, बाकी सगळं मिळून सुमारे ५०,०००. एकूण १४,१३,००० पानं, म्हणजे ५.४ जीबी. मशीनमध्ये वापरता येण्यासारखी रॅम ७.७ जीबी, म्हणजे २०,१८,००० पानं. सहा लाख पानं कुणाच्याच नावावर नव्हती.

दिवाणजी शेजारी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “ताई, खातं जुळत न्हाई म्हंजे कुणाचं तरी नाव लिवायचं ऱ्हायलंय.”

नाव त्याच नोंदीत होतं, तक्त्याच्या वर, मेम-इन्फो या भागात: एसएचमेम, साडेपाच लाख पानं. एसएचमेम म्हणजे शेअर्ड मेमरी, आणि टीएमपीएफएसमधल्या फाइली याच नावाखाली मोजल्या जातात. फाइल लिहून बंद केली की ती कुठल्याही प्रोसेसच्या आरएसएसमध्ये दिसत नाही, म्हणून प्रोसेसची यादी दाखवणारा टॉप कितीही वेळ बघत बसलात तरी ती सापडत नाही. साडेपाच लाखाला चारनं गुणलं की २.१ जीबी.

मग नवीन नोंद बघितली, बफर पूल कमी केल्यानंतरची. मारियाडीबी ६,०३,००० पानांवर उतरली होती, २.३ जीबी. आणि एसएचमेम ८,१२,००० पानं, ३.१ जीबी. डेटाबेसकडून काढून घेतलेला तो एक जीबी दुसऱ्याच कुणीतरी जसाच्या तसा खाल्ला होता. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर शंकेला जागा उरली नाही.

चालू मशीनवर हेच बघायचं तर नोंद उघडायचीही गरज नाही. फ्रीच्या ‘शेअर्ड’ रकान्यात किंवा प्रॉकच्या मेमइन्फोमध्ये एसएचमेमच्या ओळीत हा आकडा कायम असतो. आणि मेमअव्हेलेबल ही ओळ २०१४ पासून, म्हणजे कर्नल ३.१४ पासून, मुद्दाम याचसाठी दिलेली आहे: नवीन कामाला खरोखर किती मेमरी मिळू शकेल त्याचा अंदाज. तो काढताना कर्नल टीएमपीएफएसची पानं मोकळी धरत नाही. त्या दिवशी आमचा अव्हेलेबल २४० एमबी होता. मोकळी मेमरी बघायची असेल तर याच रकान्याकडे बघा.

आता ती ३.१ जीबी कुठे आहे? कुठे किती जागा भरली ते दाखवणारं डीएफ -एच चालवलं. तात्पुरत्या फाइलींच्या टीएमपी फोल्डरच्या पुढे प्रकार टीएमपीएफएस, आकार ३.९ जीबी, वापर ३.१. पण एलएस करून यादी बघितली तर फोल्डर जवळजवळ रिकामं. फाइलींच्या आकारांची बेरीज करणारं डीयू केलं तर काही केबी. डीएफ म्हणतो तीन जीबी, डीयू म्हणतो काही नाही. असं झालं की दोन शक्यता असतात. एक, फाइल पुसलेली आहे पण कुठल्यातरी प्रोसेसनं ती अजून उघडी धरली आहे. ती प्रोसेस सोडत नाही तोवर पानं सुटत नाहीत. एलएसओएफ +एल१ नं अशा फाइली दिसतात. आमच्याकडे तशा नव्हत्या. दुसरी शक्यता, तुम्हाला त्या फोल्डरमध्ये बघायची परवानगीच नाही. सुडो लावून, म्हणजे रूटच्या (मुख्य व्यवस्थापकाच्या) अधिकारानं, डीयू केलं आणि ‘सिस्टमडी-प्रायव्हेट’नं सुरू होणारं एक लांबलचक नावाचं फोल्डर समोर आलं, पोटात ३.१ जीबी.

पेढीचा पट्टीचा प्रोग्रॅम जावावर चालतो आणि त्याच्या सर्व्हिस फाइलीत ‘प्रायव्हेटटीएमपी’ चालू आहे. म्हणजे त्या सर्व्हिसला वाटतं की टीएमपी फोल्डर आपलं एकटीचं आहे; प्रत्यक्षात ते या खासगी फोल्डरमध्ये उघडतं आणि रूटशिवाय कुणाला दिसत नाही. सुरक्षेसाठी ही सोय चांगलीच आहे. त्यात साडेतीन हजार पीडीएफ होत्या. प्रत्येक पट्टी छापताना प्रोग्रॅम एक पीडीएफ तयार करतो, तिच्यात वजनपावतीचा फोटो जोडतो, प्रिंटरला देतो, आणि फाइल तिथेच सोडतो. एक फाइल सुमारे ९०० केबी. हंगामात दिवसाला चारशेच्या आसपास पट्ट्या, म्हणजे रोज साडेतीनशे एमबीच्या वर. २.१ जीबी भरायला सहा दिवस, ३.१ भरायला नऊ. पट्टीबुकाच्या पाठीवरचा सगळा हिशोब जुळला.

मग हे गेल्या वर्षी का होत नव्हतं? प्रोग्रॅम तोच, पीडीएफ तशाच राहत होत्या. बदललं होतं ते खालचं: नवरात्र उरकल्यावर मी सर्व्हर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर नेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून टीएमपी फोल्डर मुळातच टीएमपीएफएसवर असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत. आधी ते डिस्कवर होतं, फाइली साठत राहायच्या, आणि कधीतरी रीस्टार्ट झालं की साफ व्हायच्या. कुणाला पत्ताही नव्हता. अपग्रेडनंतर तोच कचरा रॅममध्ये साठू लागला. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, दिवसाला दहा-वीस पट्ट्या, म्हणून काही जाणवलं नाही. आणि पाडव्यानंतर बिघाड सुरू झाला तेव्हा अपग्रेड होऊन इतके दिवस लोटले होते की मला दोन्हींचा संबंध लागला नाही. नव्यानं बसवलेल्या डेबियन १३ वर टीएमपीमधल्या दहा दिवस न वापरलेल्या फाइली काढून टाकण्याची सोय असते. तिचाही आम्हाला उपयोग नव्हता, आमचं मशीन सहाव्या दिवशीच आडवं होत होतं.

आणि रॅम १६ जीबी केली असती तर? टीएमपीएफएसची मर्यादा सुमारे पावणेआठ जीबी झाली असती, डेटाबेस मेला नसता, पण तीन आठवड्यांनी फोल्डर भरून “जागा शिल्लक नाही” असं म्हणत पट्ट्या छापणं थांबलं असतं. आणि आम्ही ते पूर्ण वेगळं दुखणं समजून पुन्हा पहिल्यापासून शोधत बसलो असतो.

दुरुस्ती चार ठिकाणी केली, आणि चारही गोष्टींना सारखं महत्त्व नाही.

खरी दुरुस्ती प्रोग्रॅममधली. पीडीएफ तयार करायची जागा बदलून डिस्कवरचं स्वतंत्र फोल्डर दिलं, व्हार-लिब खाली, आणि छापून झाली की फाइल पुसायची. जावामध्ये तात्पुरत्या फाइलींची जागा सर्व्हिस सुरू करतानाच सांगता येते, त्यामुळे जागा बदलायला कोडला हात लावावा लागला नाही. पुसण्यासाठी मात्र ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याला बोलवावं लागलं. तो येईपर्यंत रोज रात्री दोन दिवसांपूर्वीच्या पीडीएफ काढणारी एक ओळ क्रॉनमध्ये ठेवली.

दुसरी, टीएमपीवर १ जीबीची मर्यादा घातली. टीएमपी.माउंट या युनिटच्या पर्यायांत आकार लिहिता येतो. टीएमपी.माउंट मास्क (कायमचं बंद) करून फोल्डर पूर्वीसारखं डिस्कवर नेणंही शक्य होतं, पण मी मर्यादाच पसंत केली. उद्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं असाच कचरा केला, तर “जागा नाही” ही चूक त्या प्रोग्रॅमच्याच तोंडावर येईल आणि त्याच्याच लॉगमध्ये लिहिली जाईल. डेटाबेस त्याच्यापायी मरणार नाही.

तिसरी, ४ जीबीची स्वॅप फाइल परत घातली: फॅलोकेटनं फाइल, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये एक ओळ. स्वॅपनं हा आजार बरा झाला नसता, फक्त सहाऐवजी अकरा-बारा दिवसांनी, टीएमपी भरून पट्ट्या अडल्यावर, समोर आला असता. तरीही स्वॅप हवं, कारण ते नसेल तर कर्नलकडे न वापरलेली पानं बाजूला ठेवायला जागाच नसते आणि अडचणीच्या वेळी तो डिस्कवरच्या फाइलींच्या, अगदी चालू प्रोग्रॅमच्या कोडच्या, पानांवरही हात टाकतो. एसएसडीच्या झिजेची भीती वाटत असेल तर व्हीएमस्टॅटमधले एसआय-एसओ (स्वॅपमधून आत किती, बाहेर किती) हे दोन रकाने आठवडाभर बघा. आमच्याकडे ते दिवसभर शून्याच्या आसपास असतात.

चौथी, डेटाबेसचा बफर पूल पुन्हा ३ जीबी केला. त्याचा काही गुन्हा नव्हता.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही. ओओएम-स्कोअर-अॅडज नावाची जी फाइल प्रत्येक प्रोसेसला असते, तिच्यात -१००० लिहिलं की कर्नल त्या प्रोसेसला कधीच मारत नाही. डेटाबेसला हे लावायचा मोह होतो. पण टीएमपीएफएसची पानं प्रोसेस मारली म्हणून आपोआप सुटत नाहीत, म्हणजे डेटाबेसऐवजी दुसऱ्या प्रोसेस एकेक करून जातात, आणि मारण्यासारखं काहीच उरलं नाही की कर्नल पॅनिक होऊन सगळं मशीनच थांबतं. थोडंसं झुकतं माप द्यायचं तर -२०० ते -३०० चालेल, तेही मूळ कारण सापडल्यावर.

तुमच्या मशीनवर लक्षणं हीच असतील पण एसएचमेम लहान असेल, तर पुढे कुठे बघायचं तेही सांगते. मेमइन्फोमधलं एसअनरिक्लेम दिवसागणिक वाढत असेल, तर कर्नलच्या स्वतःच्या लहान वस्तूंचा साठा, म्हणजे स्लॅब, फुगतोय. स्लॅबटॉपनं कुठला प्रकार ते दिसतं, आणि बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर निघतो. ह्यूजपेजेस-टोटल शून्य नसेल तर ती मेमरी आधीच वेगळी काढून ठेवलेली असते आणि कुणी वापरो न वापरो, बाकीच्यांना मिळत नाही. नोंदीत “मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी” असं असेल तर संपूर्ण मशीनची मेमरी संपलेलीच नाही, एका सर्व्हिसला किंवा कंटेनरला घातलेली मर्यादा संपली आहे. आणि मारियाडीबीऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर एसएचमेम मोठं दिसणं साहजिक आहे, त्याचे शेअर्ड बफर्स तिथेच मोजले जातात. त्यातून ते वजा करून उरलेल्याचा विचार करा.

दुरुस्तीनंतर मी क्रॉनमध्ये एक लहान ओळ ठेवली आहे. रोज संध्याकाळी सात वाजता ती मेमअव्हेलेबल, एसएचमेम आणि एसअनरिक्लेम हे तीन आकडे तारखेसह एका फाइलीत लिहिते. पाच आठवडे झाले, मधे एकदाही रीस्टार्ट नाही. आवक या काळात वाढलीच, एका दिवशी साडेपाचशे पट्ट्या निघाल्या. त्या दिवशीचं एसएचमेम ४१ एमबी.